बोहारीणही घेत नाही अशी वस्तू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीनिमित्त रविवारच्या पुरवणीत जुन्या मोज्यांपासून काय काय करता येईल यावर पानभर मजकूर आला होता. मोज्याचं माकड, मोज्याचा ससा, डोळ्यांना बटणं, मिशांना लोकर. फोटो देखणे होते. नातवाने लगेच हट्ट धरला, म्हणून सुनेने सामानाची यादी केली. ग्लू गन, फेल्टचे कागद, कापूस, बटणं असं सगळं मिळून साडेतीनशेच्या घरात गेलं. तेवढ्यात मोज्यांचे नवे तीन जोड येतात हो! ससा झाला, दोन दिवस मिरवला आणि आता कॉटखाली धूळ खात पडलाय.

मोजा ही मोठी अडचणीची चीज आहे. जुन्या पँटी आणि साड्या देऊन बोहारणीकडून मी स्टीलचा डबा घेतला, तेव्हा गठ्ठ्यातले मोजे तिने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवले. ‘‘मावशी, हे तुमचं तुम्हालाच ठेवा.’’ भंगारवाला घेत नाही. गोधडीतही चालत नाही, ताणलं जाणारं कापड टाके धरत नाही. पाकिटावर वाचलं तर कॉटन, पॉलिअमाइड म्हणजे नायलॉन, ताणला जाणारा इलॅस्टेन अशी भेळ असते. पानिपतला देशोदेशीच्या जुन्या लोकरी कपड्यांचा पिंजून पुन्हा धागा करतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. पण असे मिसळलेले धागे वेगळे काढणं अवघड, त्यात इलॅस्टेन असलं की यंत्रावर ते नीट पिंजलेही जात नाहीत. थोडक्यात, मोज्याचं पानिपत व्हायचं तर ते आपल्याच घरात.

म्हणून आमच्या घरात जे खरोखर वापरात आहे, तेवढंच सांगते.

पंखा पुसायला मोज्यासारखं काही नाही. हातात मोजा चढवायचा, थोडा ओला करून घट्ट पिळायचा, पातं वरून-खालून मुठीत धरायचं आणि मुळापासून टोकाकडे ओढत न्यायचं. कोरड्या फडक्याने धूळ डोळ्यांत येते, इथे ती मोज्याला चिकटते. तीन पाती झाली की मोजा उलटा करून दुसऱ्या पंख्याला. खिडकीच्या ग्रिलला तर हे फारच सोयीचं, कारण प्रत्येक गजाभोवती बोटं फिरतात. फडक्याने गजाची मागची बाजू कोण पुसतं?

दुसरा उपयोग कुंड्यांसाठी. घोट्यावरचा लवचीक भाग आडवा कापला की बोटभर रुंदीची कडी निघते. टोमॅटोचं रोप काठीला बांधायला ती उत्तम. सुतळी खोडात रुतते, ही कडी खोड जाड होईल तशी ताणली जाते. मोज्याचा राहिलेला तुकडा कुंडीच्या भोकावर ठेवते. पाणी जातं, माती गॅलरीत येत नाही.

शेकाचं मात्र जपून सांगते, कारण माझी फजिती झालेली आहे. खडे मीठ तव्यावर भाजून सुती मोज्यात भरायचं, वर गाठ मारायची आणि दुखऱ्या खांद्यावर ठेवायचं. पुरचुंडीपेक्षा हे बरं, मीठ सांडत नाही. मागच्या पावसाळ्यात यजमानांची मान धरली होती. पुन्हा मीठ काढा, भाजा, भरा, याचा कंटाळा आला म्हणून मी भरलेला मोजाच तव्यावर ठेवला. तो निघाला नायलॉनचा. मिनिटाभरात असा वास सुटला की शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या. तव्यावर मोज्याचा पंजा उमटला होता, अगदी लक्ष्मीच्या पावलासारखा! तो उलथन्याने खरवडून काढला. तेव्हा मोजा निव्वळ सुती आहे याची खात्री नसेल तर हा उद्योग करूच नये, आणि मोजा तव्यावर ठेवू तर मुळीच नये.

नातवाचे तान्हेपणीचे मोजे डायनिंगच्या खुर्च्यांच्या पायांना बरोब्बर बसले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी, ‘‘वर विटी-दांडू खेळता काय?’’ असं विचारल्यापासून हे सुरू केलं. पण सासूबाईंच्या खुर्चीचे मी काढून टाकले. गुळगुळीत फरशीवर खुर्ची मागे सरकते आणि म्हातारं माणूस बसता बसता पडायचं. साबणाचे चपटे तुकडे मोज्यात भरून मोरीत टांगणं वगैरे सगळ्यांना ठाऊक असेलच.

एवढं करूनही आमची जुन्या मोज्यांची पिशवी रिकामी होत नाही, आणि पत्राचं खरं कारण तेच आहे. ती पिशवी भरते शाळेमुळे. नातवाच्या शाळेचे मोजे पांढरे, वर दोन निळ्या पट्ट्या आणि शाळेचं विणलेलं नाव. दुकान एकच ठरलेलं. गेल्या वर्षी दोनाची एकच पट्टी झाली आणि निळ्याचा जांभळा झाला. चार धडधाकट जोड एका परिपत्रकाने बाद! त्यांना भोक नव्हतं, इलॅस्टिकही सैल झालं नव्हतं. नाव विणलेलं असल्यामुळे दुसऱ्या शाळेतल्या मुलालाही देता येईनात. मी वर्गशिक्षिकेशी बोलले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, ‘‘आजी, माझ्याही मुलीचं हेच झालंय.’’

आमच्या लहानपणी बिनपट्टीचे पांढरे मोजे असायचे. एक हरवला तर उरलेला दुसऱ्या जोडातल्या उरलेल्याशी जमायचा, भावाचा बहिणीला चालायचा. टाच विरली तर आई आत लिंबू धरून रफू करायची. आता रफू करा असं मी म्हणत नाही, कुणाला वेळ आहे? पण 15 जूनच्या आसपास शाळा सुरू होतील, पालक-शिक्षक संघाच्या बैठका होतील. तिथे कुणीतरी एवढं विचारावं की मोजा बुटाच्या आत असतो, वर पँट असते, मग त्यावर नाव कुणी वाचायचं? रंग ठरवा, पण साधा ठरवा, आणि ठरवलात की दहा वर्षं तरी बदलू नका. पुरवणीत माकडांना पान दिलंत, तर या प्रश्नाला अर्धं तरी द्यावं ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
कोथरूड, पुणे

ता. क. – पत्र पाकिटात घालताना सुनेने गच्चीवरच्या टाकीमागून नातवाचा हरवलेला नवा मोजा आणून दिला. त्याच्या जोडीच्या कड्या मी गेल्याच आठवड्यात टोमॅटोला बांधल्या आहेत.