नानांना पत्र: नंबर ६८

फिलाडेल्फिया
१५ फेब्रुवारी २०२५

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

काल इथे ईगल्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाची विजयाची मिरवणूक निघाली. ब्रॉड स्ट्रीटवर मुंगी शिरायला जागा नव्हती. रविवारी न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, त्यांनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं लोळवलं. तुम्ही फोनवर म्हणालात, "हेल्मेट घालून नुसती धक्काबुक्की, त्यात बघायचं काय?" म्हणून त्या धक्काबुक्कीतल्याच एकाबद्दल लिहितो.

जॉर्डन मायलाटा. आईवडील मूळचे सामोआचे, मुलगा जन्मला-वाढला सिडनीत. उंची सहा फूट आठ इंच, वजन दीडशे किलोंच्या वर. तिकडे तो रग्बी लीग हा रग्बीचा प्रकार खेळायचा, पण त्यात सारखं धावावं लागतं. एवढ्या देहाला ते कितपत झेपेल, अशी शंका घेतली जायची. मग पठ्ठ्या अमेरिकेत आला. २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, ईगल्सने त्याला २५६ जणांत २३३वा निवडला, तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता!

तुम्ही कबड्डीत कोपरा सांभाळायचात ना? पकड तुमची आणि टाळ्या चढाईवाल्याला. याचंही तसंच. तो लेफ्ट टॅकल. उजव्या हाताचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून धावून येणारा त्याला दिसत नाही, त्याला हा अडवतो. चेंडूला हात लावायचा नाही. काम चोख झालं तर समालोचक नावही घेत नाही. चुकला, की सगळ्या गावाला कळतं.

पहिली दोन वर्षं तो एकाही सामन्यात उतरला नाही. जेफ स्टाउटलंड या प्रशिक्षकाने त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं. मला तर या गोष्टीत स्टाउटलंडचंच जास्त कौतुक वाटतं. २०२०मध्ये बाकीचे जखमी झाले म्हणून संधी मिळाली. पुढच्या वर्षी, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला मागे टाकून त्याने जागा पक्की केली आणि चार वर्षांचा ६ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला. (आईला आकडा सांगू नका, लगेच रुपयांत हिशेब मांडेल.)

गातोही छान. २०२२मध्ये संघातल्या दोघांबरोबर नाताळच्या गाण्यांचा अल्बम काढला, पैसे मुलांच्या संस्थेला दिले.

पुढच्या मोसमात सामना लावलात तर चेंडू सोडून पाठीवर ६८ नंबर असलेल्या मायलाटाकडे बघा.

मोतीबिंदूची तारीख ठरली का? ठरली की लगेच कळवा, मला रजा आधी टाकावी लागते.

तुमचा,
संजू