खेकड्याचे पाय सोडवणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं आडनाव मला ठाऊक नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याच्या जागी तुम्ही नुसतं 'म्युझियमवाली ताई' लिहिलं होतंत. आता असं पत्र घालायचं कुठे? म्हणून हे चारचौघांत लिहितोय. कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्ये एक माणूस मांडीवर बुटांचा खोका घेऊन बसला होता, आठवतं? बदलापूरचा, तोच मी.

काल संध्याकाळी खेकडा चालला. आमच्या जेवणाच्या टेबलावर, तांदळाच्या डब्यापासून भिंतीपर्यंत आणि परत.

बाकीच्या वाचणाऱ्यांना सांगायला हवं की खेकडा म्हणजे रेल्वेचं डब्ल्यूसीजी-१ इंजिन. पहिली दहा स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला बनली, बाकीची इंग्लंडात व्हल्कन फाउंड्रीत, सगळी मिळून ४१. १९२८च्या सुमारास ती इकडे आली, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारी. दोन्ही टोकांना लांब नाकं, मधे केबिन, आणि दर बोगीला, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्याला, चाकांच्या तीन जोड्या बाहेरून लोखंडी दांड्यांनी एकमेकींना बांधलेल्या. उभं असलं की कण्हायचं, चालायला लागलं की दांडे सपक्‌ सपक्‌ करायचे. माझे बाबा नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं कर्जतला त्यावर असिस्टंट होते. गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावायचा आणि बोरघाटाचा चढ ढकलत लोणावळ्याला न्यायची. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. पावसाळ्यात रूळ ओले झाले की चाकं घसरायची, मग रुळांवर वाळू सोडायची. ही वाळूची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकलीय.

बाबांना ऐंशी पूर्ण होणार होती. मी ठरवलं, लेगोच्या प्लॅस्टिक ठोकळ्यांचा खेकडा करायचा. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर ३७.५ मिलिमीटर, आपली ब्रॉडगेज १६७६. म्हणजे खऱ्याच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाचं इंजिन, आठ स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) रुंद. हिशोब कागदावर सोपा होता.

आता थोडं उणंदुणं काढतो. राग अजून गेलेला नाही.

पहिला भेटला तो स्वतःला मोठा मॉक-बिल्डर, म्हणजे लेगोची स्वतःची मॉडेलं रचणारा, म्हणवणारा. डिझाइन करून देतो म्हणाला, अर्धे पैसे आगाऊ घेतले, दोन महिने "फायनल रेंडर बाकी आहे" चाललं, मग फोन बंद. दुसरा दुकानदार. "ओरिजिनलच समजा साहेब" म्हणत त्याने जे तपकिरी ठोकळे गळ्यात मारले, ते एका बाजूने दाबले की दुसरीकडून उचकटायचे. तिसरी मंडळी शहाणी. लेगोने २०२०मध्ये स्विस क्रोकोडाइल या आपल्या खेकड्यासारख्याच इंजिनाचा तयार सेट काढला आहे, बाराशे एकाहत्तर तुकड्यांचा. "तोच घ्या, वर आपला नंबर चिकटवा, म्हाताऱ्या माणसाला काय कळणार?" असं त्यातला एक जण म्हणाला. मी त्या सेटचा फोटो मोठा करून बाबांसमोर धरला. नजर अधू असलेल्या त्या माणसाने दोन मिनिटं न्याहाळून विचारलं, "हे पुढचं बारकं चाक कुठून आलं? आपल्याला नव्हतं ते." खरंच नव्हतं. स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक जादा बारकी जोडी असते, आपल्या खेकड्याला सहाच जोड्या, सगळ्या ओढणाऱ्या.

शेवटी मीच बांधायला बसलो. दिसायला झालं बरं, पण चालेना. अर्धा फेरा फिरायचं आणि दांडे अडकायचे. "दांडे खोटे चिकटवा, खाली मोटर लावा, कोण बघतंय," हा सल्लाही आला. खोका घेऊन मी पुण्याला आलो तो चिडूनच. म्युझियममध्ये कोणाला विचारायची हिंमत नव्हती, तिथल्या गाड्या नुसत्या बघत बसलो होतो. तुम्ही शेजारी बसलात आणि म्हणालात, "खोक्यात काय आहे? दाखवता का?"

तुम्ही चाक अंगठ्याने हळू फिरवलंत, कान जवळ नेलात. दोन चुका तिथल्या तिथे सांगितल्यात. दांड्यांना मी काळ्या पिना लावल्या होत्या. त्यांच्या अंगावर बारीक उंचवटे असतात, त्या घट्ट धरतात. फिरत्या सांध्याला गुळगुळीत राखाडी पिना हव्यात. दुसरी चूक मोठी होती. दांडे ज्यांना अडकतात ते चाकांवरचे दोन्ही बाजूंचे खुंटे मी एकाच वेळी वर येतील असे बसवले होते. ते पाव फेऱ्याने पुढे-मागे हवेत, म्हणजे एक बाजू अडते तेव्हा दुसरी ओढते. लेगोचा ॲक्सल, म्हणजे चाकांमधला आस, अधिकच्या चिन्हासारखा चार कडांचा, त्यामुळे एक कड सरकवली की बरोबर नव्वद अंश. मी 'हो हो' करत होतो, पण कोणतं चाक कुठे सरकवायचं ते डोक्यात शिरत नव्हतं.

मग तुम्ही जे विचारलंत ते तोवर कोणीच विचारलं नव्हतं. "हे बाबा स्वतः जोडणार, की तुम्ही जोडून त्यांना नुसतं दाखवणार?"

खरं सांगतो, मी हा विचारच केला नव्हता. मी म्हटलं, त्यांचे हात अजून पक्के आहेत हो, पण डोळ्यांना बारीक काही दिसत नाही. मोबाइलवरची चित्रं तर अजिबात नाही. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि तिकिटाच्या मागे माझा पत्ता लिहून घेतलात.

नवव्या दिवशी पार्सल आलं. राखाडी पिना होत्या, दोन जास्तीच्या चाकजोड्याही होत्या. त्यांचे पैसे कसे द्यायचे तेही तुम्ही कळवलं नाहीत, तो वाद वेगळा. पण सगळ्यांच्या खाली घडी घातलेला तो कागद होता. जुन्या कॅलेंडरचं पान. त्याच्या कोऱ्या बाजूवर जाड काळ्या मार्करने अख्खी बोगी काढलेली, प्रत्येक तुकडा खऱ्या मापाचा. दांडा जेवढा, तेवढाच कागदावर. दर दोन भोकांत आठ मिलिमीटर, एकही इकडेतिकडे नाही. वर ठळक अक्षरांत तीन ओळी:

"बाबा, तुकडा कागदावर ठेवा.
बरोबर बसला तर तोच.
आधी उजवी बाजू."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. कागद टेबलावर पसरला, तळहाताने घड्या मोडल्या. मग एकेक दांडा उचलून रेघांवर ठेवत गेले आणि बोटाने कडा चाचपत गेले. बसला नाही तर बाजूला, बसला तर "हा घे". चुकून चार भोकांऐवजी पाच भोकांचा दांडा हातात आला, तो त्यांनी मी बघायच्या आत परत टाकला. तिसऱ्या चाकापाशी आल्यावर तुमचा पाव फेऱ्याचा बाण दिसला, तसे ते माझ्याकडे वळले. "अरे, हे क्वार्टरिंग! हे मला विचारायचंस की! शेडमध्ये फिटर लोक करायचे तेव्हा बत्ती धरून मीच उभा असायचो."

ताई, मी सहा महिने जगभर विचारत फिरलो आणि घरात बसलेल्या माणसाला विचारलं नाही. त्यांच्यासाठी चाललं होतं ना, म्हणून त्यांच्यापासून लपवायचं!

उरलेलं इंजिन त्यांनी जोडलं, मी तुकडे पुरवले. मधे चहा झाला. लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८च्या जानेवारीतलं आणि तेव्हाचा ठोकळा आजच्यातही बसतो, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे शेजारच्या इंजिनाचा नट या इंजिनाला बसेल तर शपथ." मोटर लावू दिली नाही. हाताने ढकलतात आणि कान लावून ऐकतात. प्लॅस्टिक कण्हत नाही, पण दांड्यांचा आवाज जवळपास तसाच येतो म्हणे.

मदत करणारे मला पुष्कळ भेटले, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना उत्तर येत होतं आणि ते सांगायची घाई होती. समोरच्याचे डोळे कसे आहेत, हात कसे आहेत, त्याला काय हवंय हे विचारून मग कामाला लागणारं माणूस मी फार दिवसांनी बघितलं. तुम्ही किती रात्री तो कागद घेऊन बसला असाल? फूटपट्टीच्या पेन्सिलीच्या खुणा अजून दिसतात त्यावर. आणि आम्ही तुमचे कोण? रविवारी बाकावर शेजारी बसलेला एक वैतागलेला इसम. माझी आई अशा माणसांना 'घरचं' म्हणायची, त्यापलीकडे मला शब्द सुचत नाही.

कागद परत हवा असेल तर मिळणार नाही. बाबांनी तो गादीखाली सपाट करून ठेवलाय. पाठीमागे तुमचा दुधाचा हिशोब आहे, तो मी त्यांना वाचून दाखवला. चौदा तारखेला खाडा आहे आणि एकोणीसला दोन लिटर. पाहुणे आले होते का, असं ते विचारतायत.

आणि एक तक्रारही आहे, त्यांचीच, मी फक्त पोचवतोय. वाळूचे डबे राहिलेत. "त्यांना म्हणावं, बाकी सगळं उत्तम, पण पावसाळ्यात घाट कसा चढायचा?" चाकांजवळ जागा आहे, मी मोजली. दोन स्टडची. जमेल तेव्हा बघाल का? आणि या खेपेला पाकिटावर पत्ता लिहा.

आपला,
बुटांच्या खोकेवाला