सत्रअखेरचे पत्रक आणि त्यात न मावलेले

नाशिक,
वसुबारसेच्या आधीचा रविवार

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू शाळेची खबर विचारलीस आणि मी "सगळे ठीक आहे" एवढ्यावर तुला वाटेला लावले, कारण त्या वेळी कढईत शेव होती आणि सोऱ्या हातात. ते उत्तर मला पुढे दोन दिवस खुपत राहिले. ज्या शाळेत तू दहा वर्षे काढलीस तिची विचारपूस तू पुण्याहून आपणहून करतोस, तेव्हा त्याला नीट उत्तर द्यायला हवे, म्हणून आज दुपारी सगळे निजल्यावर हे पत्र लिहायला बसले आहे.

जूनमध्ये पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यांत माझी चिठ्ठी निघाली आणि मी सहसचिव झाले, हे तुला ठाऊक आहे. निवडून आले असे म्हणण्यासारखे त्यात काही नाही. तुझे बाबा तर अजूनही "लॉटरी लागली" असेच सगळ्यांना सांगतात. पहिले सत्र संपताना घरोघरी पाठवायचे पालकपत्रक या वेळी मी लिहावे, असे मुख्याध्यापिकाबाईंनी सुचवले. दोन पानांचा मजकूर, त्यात सत्राचा वृत्तान्त, सुट्टीच्या तारखा आणि पालकांना चार सूचना, इतकेच काम होते. ते मी एका रात्रीत करून टाकले आणि त्यात एक शब्द असा लिहिला की त्याची आठवण झाली की मला अजून ओशाळल्यासारखे होते. त्याविषयी पुढे सांगते.

आधी पत्रकात आलेल्या बातम्या. संकलित चाचणी पार पडली, प्रगतिपत्रके सुट्टीनंतर मिळतील. तुझ्या वेळचे चित्रकलेचे सर सप्टेंबरअखेर निवृत्त झाले आणि निरोपाच्या दिवशी भाषण करण्याऐवजी त्यांनी फळ्यावर रंगीत खडूंनी गोदाघाट काढला. तो फळा दोन दिवस कोणी पुसला नाही. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी ग्रंथालयातल्या कपाटांची कुलपे एकदाची काढली आहेत, ती पुन्हा लागणार नाहीत असे बाईंनी लेखी दिले आहे, आणि मी ते वाक्य मुद्दाम पत्रकात घेतले आहे. २०२७ च्या सिंहस्थाची कामे आतापासूनच निघाल्यामुळे व्हॅनवाल्यांना वळसे पडतात आणि पहिल्या तासाला मुले धापा टाकत येतात. तू २०१५ च्या पर्वण्यांच्या वेळी आजोबांच्या खांद्यावरून नुसते बॅरिकेड पाहून परत आला होतास, ते आठवते ना?

चिऊचे म्हणशील तर तिचे भाषाविषय उत्तम आहेत आणि गणिताने तिच्याशी अबोला धरला आहे. सातवीला आल्यापासून तिला पेपरांची धास्ती वाटते, कारण पहिली-दुसरीला आकारिक (म्हणजे वर्षभराच्या वर्गकामाचे) मूल्यमापन ७० टक्के आणि संकलित (म्हणजे सत्राच्या परीक्षेचे) ३० टक्के असते, ते वर सरकत सरकत सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६० असे उलटते. तू मात्र या उलटापालटीकडे कधी लक्षच दिले नाहीस. ही आकडेवारी मी उगाच सांगत नाही, कारण ज्या मुलीविषयी मला खरोखर लिहायचे आहे तिचे सगळे घोडे या ४० टक्क्यांपाशीच अडते.

ही मुलगी चिऊच्या बाकावर बसते. तिचे नाव लिहीत नाही. पत्र कोणाच्याही हाती पडू शकते. घरची माणसे मूळची पेठ तालुक्यातली, आपापसांत कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी, आणि आता पेठ रोडला एका खोलीत राहणारी. एरवी आईवडील रोज सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल त्या कामाला जातात; परंतु द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर दिंडोरी किंवा पिंपळगावकडच्या बागेत मुक्कामाला जातात. ते अंतर इथून जेमतेम २५-३० किलोमीटर, पण रोज जाऊन येण्यासारखे नाही. छाटणीपाठोपाठ काड्यांना पेस्ट लावायची, डोळे फुटले की फेलफूट, म्हणजे घड नसलेली फूट, काढायची, शेंडे खुडायचे, मग घडांचे डिपिंग, म्हणजे ते औषधाच्या द्रावणात बुडवणे, आणि मण्यांची विरळणी, असे एकातून एक काम निघत जाते आणि दीड-दोन महिने टोळी बागेतून हलत नाही. आईवडील वेलीखाली असताना दोन वर्षांच्या भावाला कोणीतरी सांभाळायला हवे, म्हणून ही जाते. सातवीच्या आपल्या तुकडीत अशी सहा मुले आहेत.

मी पत्रकाच्या पहिल्या मसुद्यात लिहिले होते, "अनियमित विद्यार्थ्यांच्या पालकांनी उपस्थितीकडे गांभीर्याने लक्ष द्यावे." वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, आणि अशी वाक्ये पत्रकात असतातच, या समजुतीने मी ते लिहिले. वर्गशिक्षिकाबाईंनी मसुदा वाचला, "अनियमित" या शब्दावर लाल रेघ मारली आणि काही न बोलता हजेरीपट माझ्यासमोर ठेवला. जूनपासून त्या मुलीचे खाडे तीन. चिऊचे नऊ, त्यांतले चार मावशीकडच्या लग्नाचे आणि दोन आपण गोव्याहून उशिरा निघालो त्याचे. दादा, मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिले. आपल्या खाड्यांना आपण रजा म्हणतो आणि त्यासाठी वहीत चिठ्ठी लिहून देतो. त्या मुलीची गैरहजेरी तर दरवर्षी एकाच सुमाराला येते, एकाच कारणाने येते आणि जूनमध्येच बाईंना सांगता येईल इतकी ठरलेली असते. शाळेचे वर्ष जूनपासून मोजतात आणि बागेचे छाटणीपासून; तिला दोन्ही पाळावी लागतात.

पण याची दुसरी बाजूही मी तुझ्यापासून लपवणार नाही. सप्टेंबरच्या पालकसभेत एका गृहस्थांनी उभे राहून विचारले की, जानेवारीत ही मुले परतली की तेच धडे पुन्हा घेतले जातात, मग आमच्या मुलांनी का थांबायचे? सभेत कुजबुज झाली, पण कोणी त्यांना खोडून काढले नाही. मीही गप्प राहिले, कारण मागच्या वर्षी चिऊचे अपूर्णांक अर्धवट राहिले तेव्हा हाच विचार माझ्या मनात येऊन गेला होता. त्या दिवशी त्या मुलीची आई दिवसाची मजुरी बुडवून आली होती आणि मागच्या रांगेत बसली होती. ती उठली आणि तिने एवढेच सांगितले की, छाटणी कधी धरायची ते बागवाला ठरवतो, बागवाला पावसाकडे बघतो, मग आम्ही शाळेला तारीख कुठून सांगायची? त्या गृहस्थांनी पुढे काही विचारले नाही. त्यांना ते पटले असे मात्र मला वाटत नाही.

यंदा तर पावसाने सगळ्यांचेच गणित बिघडवले. पाऊस लांबला, बागांत पाणी साचून राहिले, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने अनेकांनी छाटण्या पुढे ढकलल्या, आणि त्यामुळे टोळ्या निघाल्याच नाहीत. परिणामी ही सहाही मुले संकलित चाचणीला पूर्ण वेळ हजर होती. पत्रकात या गोष्टीचा उल्लेख "यंदा शंभर टक्के उपस्थिती" असा करावा, असे समितीतल्या एका सदस्यांनी सुचवले होते. मी ते घेतले नाही. त्या उपस्थितीपायी घरात तीन आठवड्यांची मजुरी आलेली नाही आणि दिवाळी उसनवारीवर आहे, हे ठाऊक असताना ते वाक्य मला लिहवेना.

आता ४० टक्क्यांचे सांगते. संकलित परीक्षेचा पेपर एका दिवसात लिहिता येतो. आकारिक गुण मात्र रोजच्या तोंडी कामातून, प्रयोगातून, उपक्रमातून आणि प्रकल्पातून साठत जातात. दोन महिने वर्गात नसलेल्या मुलाजवळ ते साठणार कुठून? शिवाय दुपारची खिचडीही तेवढे दिवस सुटते. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण सरकारने धरले आहे आणि ते शाळेत शिजते, बागेतल्या शेडमध्ये नाही.

असे नाही की यावर काही तोडगाच काढलेला नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा शिक्षण हमी कार्ड देते, ते दाखवले की मुक्कामाच्या गावच्या शाळेने मुलाला त्याच्या इयत्तेत बसवून घ्यायचे असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखल्यासाठी अडवून ठेवता येत नाही. मी त्या मुलीला विचारले, मागच्या वर्षी कार्ड होते ना? ती म्हणाली, "होतं. पण तिथली शाळा पाचवीपर्यंतच होती." ती सहावीत असून अकरा दिवस पाचवीच्या मुलांत बसली, बाईंनी तिला लहान मुलांचे वाचन घ्यायला लावले आणि बाराव्या दिवसापासून ती गेली नाही. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. वाचन घ्यायला तिला आवडले होते, असेही ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट, जी वाचून तुला बरे वाटेल. शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील ६०० मीटरला ती अनवाणी धावून दुसरी आली. मुख्याध्यापिकाबाईंना पत्रकात "आपल्या शाळेची उद्याची कविता राऊत" असा मथळा हवा होता. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा नाशिककरांना झालेला आनंद मला चांगला आठवतो, त्यामुळे मोह मलाही झाला. तरी मी नुसते "द्वितीय क्रमांक" लिहिले. पुढची फेरी सुट्टीनंतर आहे, त्या दिवशी ती कोणत्या बागेत असेल हे कोणालाच माहीत नाही, आणि एवढे मोठे नाव छापून आपण तिला मैदानावर आणणार नसू, तर ते छापू नये असे माझे मत पडले. बाई थोड्या नाराज झाल्या. क्रीडाशिक्षकांनी मात्र तिच्या वडिलांकडून मुकादमाचा नंबर घेऊन ठेवला आहे.

शेवटी पत्रकात ते वाक्य असे गेले: "कामानिमित्त मुक्काम हलवणाऱ्या पालकांनी निघण्यापूर्वी वर्गशिक्षकांना गावाचे नाव कळवावे, शाळा तेथील जवळच्या शाळेशी स्वतः बोलेल." हे "स्वतः बोलेल" घालण्यासाठी समितीत अर्धा तास गेला, कारण बोलणार कोण, हे कोणी सांगेना. अखेर ते काम माझ्याकडे आले. लॉटरीच ती.

मागची दोन वर्षे बालभारतीची पुस्तके चार भागांत येत होती, तेव्हा दोन महिन्यांपुरता एक पातळ भाग पिशवीत टाकून नेता येत असे. यंदा पुन्हा आख्खी पुस्तके आली. ती कोणी बागेत नेत नाही, कारण शेड गळते. म्हणून चिऊ आणि तिच्या मैत्रिणी या सुट्टीत दुसऱ्या सत्रातल्या पहिल्या तीन-चार धड्यांच्या नोंदी सहा वह्यांत उतरवून ठेवणार आहेत. चिऊचे अक्षर तुला माहीत आहे. वाचणारीची मला काळजीच वाटते. गणिताची वही तू लिहून द्यावीस असे तिचे म्हणणे आहे, आणि त्यात तिचा स्वतःचाही लाभ आहे हे मी ओळखून आहे.

तुझ्याकडे माझे एक काम आहे. टोळी बहुधा भाऊबीजेनंतर निघेल आणि वडिलांनी सांगितलेली बाग दिंडोरीच्या अलीकडे आहे. तिच्या आसपास कोणत्या गावात सातवीपर्यंतचा वर्ग आहे, ती शाळा बागेपासून पायी किती लांब पडते आणि धाकट्या भावासाठी तिथे अंगणवाडी आहे का, हे मला प्रत्यक्ष पाहून यायचे आहे. अंगणवाडी असेल तरच ती शाळेत जाऊ शकेल, एवढे मला आता कळले आहे. बाबांना त्या आठवड्यात सुट्टी नाही. तेव्हा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मित्रांचा कार्यक्रम ठरवू नकोस. ओवाळून झाले की आपण दोघे स्कूटरवरून जाऊन येऊ. शाळा सुट्टीत बंद असतील, पण गावात विचारले की सांगतील.

येताना २०० पानी सहा वह्या आण, पुण्यात तुझ्या होस्टेलजवळच्या दुकानात स्वस्त मिळतात असे तूच म्हणाला होतास. ठक्कर बाजारला उतरलास की फोन कर. द्वारका चौकात उतरू नकोस, तिथे रिक्षा मिळेपर्यंत अंधार होईल. शेव डब्यात भरून ठेवली आहे, चकल्या तू आल्यावर करीन.

तुझी,
आई