दुखापत हा स्वभावदोष नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर एका तरुण वेगवान गोलंदाजाविषयी मजकूर आला होता. तिसऱ्यांदा जायबंदी होऊन संघाबाहेर गेलेल्या त्या मुलाला मथळ्यात 'काचेचा' म्हटले होते. मी फलटण तालुक्यातल्या एका शाळेत ३१ वर्षे क्रीडाशिक्षक होतो, खो-खोची मुले तयार केली. तो शब्द वाचला आणि त्या रात्री झोप लागली नाही. तोच शब्द एकदा माझ्याही तोंडून गेला आहे. ते पुढे लिहितोच. आधी इकडच्या एका खेळाडूची हकीकत कळवतो, कारण चार हंगाम मी त्या हकीकतीचा साक्षीदार आहे.

पत्नी गेल्यानंतर २०२१ पासून मी लेकीकडे राहतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे हे गाव आहे, त्याला लागूनच असलेल्या डी पीअरमध्ये आमचे घर. गाव म्हणजे वस्ती लाखभराची. पण गावाच्या नावाचा फुटबॉल संघ आहे, ग्रीन बे पॅकर्स. हाताने खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल. संघाला कोणी एक मालक नाही, पाच लाखांहून जास्त सामान्य भागधारक आहेत आणि त्यांना लाभांश म्हणून एक पैसाही मिळत नाही. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावे आहेत, मूल जन्मले की लोक त्याचे नाव यादीत घालतात. उन्हाळी सराव सुरू झाला की लहान मुले आपापल्या सायकली घेऊन लॅम्बो स्टेडियमबाहेर उभी राहतात आणि खेळाडू त्या सायकलींवर बसून सरावाच्या मैदानावर जातात. एवढाले धिप्पाड गडी, गुडघे हनुवटीला टेकतायत, आणि शेजारून हेल्मेट सांभाळत पळणारे पोर. हे पाहिले तेव्हा मला आमच्याकडची जत्रेतली कुस्ती आठवली. गाव खेळाडूला आपला मानते म्हणजे काय, ते इथे मला नव्याने दिसले. पण आपला मानणाऱ्यांचीच जीभ किती तिखट होते, तेही इथेच पाहिले.

या संघाचा ९ नंबरचा रिसीव्हर क्रिस्चन वॉटसन. क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा, हे रिसीव्हरचे काम. पूर्ण वेगात असताना एका ठरलेल्या पावलावर दिशा बदलायची, मान वळवायची, चेंडू शोधायचा, आणि अंगावर प्रतिस्पर्धी. खो-खोत पाठलाग करणाऱ्याच्या पायांना जे सोसावे लागते त्याच जातीचे हे काम. त्यामुळे नियम कळत नव्हते तेव्हाही मला वॉटसनचे पाय कळत होते. उंची सहा फूट चार इंच, आणि ४० यार्ड ४.३६ सेकंदांत. इतक्या उंच माणसाला इतके पळताना मी कधी पाहिले नव्हते.

२०२२ च्या मार्चमध्ये पॅकर्सनी आपला सर्वांत भरवशाचा रिसीव्हर डेव्हान्टे ॲडम्स दुसऱ्या संघाला दिला. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वाटपात, मिनेसोटा व्हायकिंग्जला आपले दोन क्रमांक देऊन त्यांच्याकडून ३४ वा क्रमांक घेतला आणि त्यावर वॉटसनला निवडले. नॉर्थ डकोटा स्टेटसारख्या, वरच्या फळीत न खेळणाऱ्या विद्यापीठातला हा मुलगा. गावाने त्याच दिवशी त्याला ॲडम्सच्या जागी उभे केले. आमच्या जावयांच्या ऑफिसातले लोक मोबाइलवर 'फॅन्टसी' संघ लावतात, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ निवडायचा आणि त्यांच्या सामन्यातल्या कामगिरीवर गुण मिळवायचे. त्यांनीही त्याला एकही सामना न बघता संघात घेतले.

११ सप्टेंबर २०२२. त्याच मिनेसोटाविरुद्ध पहिला सामना, पॅकर्सची पहिलीच चाल. वॉटसन बचावपटूला मागे टाकून एकटा सुटला. पॅकर्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने ५० यार्डांच्या आसपास लांब चेंडू टाकला, अगदी हातात. पुढे मोकळे मैदान, ७५ यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाची रेषा ओलांडणे, ठरलेलाच. आणि चेंडू हातातून निसटला. आमच्या दिवाणखान्यात शेजारीपाजारी मिळून दहा-बारा माणसे होती. एकाने रागाने टोपी जमिनीवर आपटली. मी मात्र बचावपटू किती मागे राहिला होता तेच बघत होतो. ज्याने आयुष्यभर मुलांना पळायला शिकवले त्याला त्या चालीत चेंडू पडल्याचे दुःख कमी आणि सुटल्याचे अप्रूप जास्त होते.

त्याच हंगामात त्याची मांडीमागची हॅमस्ट्रिंग दुखावली. मग १३ नोव्हेंबरला डॅलस काउबॉईजविरुद्ध त्याने चारच झेल घेतले, त्यातले तीन टचडाउन. त्या सामन्यापासूनच्या चार सामन्यांत एकूण आठ टचडाउन झाले. टोपी आपटणारा शेजारी ९ नंबरचा शर्ट घालून आला. तेव्हापासून या गावाच्या हिशेबात हा मुलगा सिद्ध झालेला खेळाडू होता, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला. चार सामन्यांवरून लोकांनी दहा वर्षांचे चित्र रंगवले. त्याने कोणाला काही वचन दिले नव्हते, आणि पुढच्या वर्षी हॅमस्ट्रिंगने १७ पैकी नऊच सामने खेळू दिले तेव्हा त्याने वचन मोडल्यासारखे लोक बोलू लागले.

आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. झेल घेऊन चेंडू पुढे नेलेले अंतर पहिल्या हंगामात ६११ यार्ड, दुसऱ्यात ४२२, तिसऱ्यात ६२०. मोठ्या रिसीव्हरकडून एका हंगामात हजार यार्डांची अपेक्षा धरतात. तेव्हा तो सिद्ध झालेला नाही, हे खरेच आहे. माझे म्हणणे इतकेच की 'अजून सिद्ध नाही' हे एक वाक्य आणि 'नाजूक आहे' हे दुसरे. पहिले खेळाविषयी, दुसरे माणसाविषयी.

हॅमस्ट्रिंगबद्दल थोडे लिहू द्या, कारण आपल्याकडच्या पालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंनाही हे नीट माहीत नसते. पूर्ण वेगात पळताना पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या आत त्याला आवरावे लागते. त्या क्षणी मांडीमागचा स्नायू ताणलेला असतो आणि त्याच वेळी ब्रेकही लावत असतो. फाटतो तो तिथेच. म्हणजे जितका वेग जास्त, तितका धोका जास्त. आणि एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याची शक्यता कधीच न फाटलेल्यापेक्षा अधिक असते. यात मनाच्या कणखरपणाचा संबंध कुठे येतो?

वॉटसनने काय केले? २०२४ च्या हंगामाआधी तो मॅडिसनला, राज्याच्या राजधानीतल्या विद्यापीठात जाऊन तपासण्या करून आला. एका पायाची ताकद दुसऱ्यापेक्षा कमी असल्याचे निघाले. महिनोन्महिने व्यायाम करून त्याने तो फरक कमी केला. त्या वर्षी तो १५ सामने खेळला आणि हॅमस्ट्रिंगपायी एकही चुकला नाही. जे करायचे ते सगळे त्याने केले होते. आणि ५ जानेवारी २०२५ ला, लॅम्बोवर, शिकागो बेअर्सविरुद्ध नेहमीच्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, कुणाचाही धक्का न लागता उजवा गुडघा गेला. गुडघ्याच्या आतला एसीएल हा दोर तुटला. तो बसला तशी मी खुर्चीतून उठलो. दुखणे कसले आहे ते मला खेळाडूच्या हातावरून कळते. मुरगळले असेल तर हात मुरगळलेल्या जागी जातो, तुटले असेल तर तो कुठे ठेवावा हे सुचत नाही.

घरात एकजण म्हणाला, "पुन्हा? हा मुलगा काचेचा आहे." इंग्रजीत म्हणाला, पण शब्द तोच.

आता माझे सांगतो. साधारण २२ वर्षांपूर्वी माझ्या संघात सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव लिहीत नाही. खुंटाजवळ सूर मारायचा तेव्हा पलीकडच्या शाळेचे मास्तरसुद्धा टाळी द्यायचे. एस. टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर त्याच्या राज्य संघाच्या निवडीची चर्चा निवडीआधीच सुरू झाली होती. जिल्हा स्पर्धेआधी बारा दिवस त्याच्या मांडीत लचक भरली. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. अंतिम सामन्याला अख्खे गाव ट्रॅक्टरमधून आले होते. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी गावाकडे. मी स्प्रे मारला, क्रेप बँडेज घट्ट बांधले आणि म्हटले, "जमेल रे." तिसऱ्या मिनिटाला तो खुंटाकडे झेपावला आणि तिथेच पडला. त्यानंतर दोन वर्षे तो प्रयत्न करत राहिला, दर वेळी तीच मांडी. लोक म्हणाले, पोरगं नाजूक निघालं. शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारले तर मीही म्हणालो, "गुणी होता, पण काचेचा." बँडेज माझ्या हाताने बांधले होते, हे मी त्या खोलीत एकदाही बोललो नाही.

इथून साडेतीन तासांवर शिकागो आहे. तिथे केव्हिन व्हाइट नावाचा रिसीव्हर २०१५ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला होता. पहिला हंगाम नडगीच्या हाडाला तडा गेल्यामुळे पूर्ण बाहेर. दुसऱ्यात चार सामने आणि त्याच पायाचे हाड मोडले. तिसऱ्यात पहिल्याच सामन्यात खांद्याचे हाड. चार वर्षांत १४ सामने, २५ झेल, टचडाउन एकही नाही. शिकागोकर त्याला 'बस्ट' म्हणतात, म्हणजे फुसका बार. तीन मोडलेली हाडे, आणि त्याबद्दल मिळाली एक शिवी. ग्रीन बेचे लोक शिकागोला पिढीजात शत्रू मानतात, त्यामुळे हे नाव इथे हसून घेतले जाते. मी नाही हसू शकत.

या एप्रिलमध्ये ड्राफ्टचा सोहळा ग्रीन बेमध्येच झाला. नातवाला घेऊन मीही गेलो होतो. पॅकर्सनी पहिल्या फेरीत मॅथ्यू गोल्डन हा रिसीव्हर घेतला. पहिल्या फेरीत रिसीव्हर घेण्याची त्यांची ही २००२ नंतरची पहिली वेळ, त्यामुळे आरडाओरडा इतका की नातवाने कान झाकले. बाजूचा गृहस्थ म्हणाला, "सुटलो एकदाचे वॉटसनपासून." त्या दिवशी वॉटसनच्या शस्त्रक्रियेला काही महिनेच झाले होते, आणि गोल्डनने या गणवेशात एक पाऊलही टाकले नव्हते. एकाला न खेळल्याची शिक्षा, दुसऱ्याला न खेळताच मुकुट. क्लबने मात्र सप्टेंबरात, वॉटसन मैदानात उतरलाही नसताना, त्याचा करार एक वर्षाने वाढवला. मोजूनमापून पैसे देणाऱ्यांना जो धीर आहे तो फुकट टाळ्या वाजवणाऱ्यांना का नसावा, हे मला उमगत नाही.

परवा, २६ ऑक्टोबरला, तो परतला. पिट्सबर्गमध्ये, आणि समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक तोच ॲरन रॉजर्स, ज्याचा पहिला चेंडू त्याच्या हातून पडला होता. चार झेल, ८५ यार्ड, पॅकर्स ३५-२५ ने जिंकले. प्रत्येक झेलानंतर माझे डोळे त्याच्या उजव्या पायावर. नऊ महिन्यांनी परतलेला गुडघा वळताना कचरतो, याचा नव्हता कचरत. सोमवारी सकाळी ऑफिसातल्या लोकांनी त्याला पुन्हा आपल्या फॅन्टसी संघात घेतले, आणि हजार यार्डांचा हिशेब पुन्हा सुरू झाला.

संपादक महाशय, आपल्या पत्रातला तो गोलंदाज मी पाहिलेला नाही. त्याची पाठ का दुखते, तो किती षटके टाकून संघात आला, लहानपणी कुणी त्याच्यावर घाईत बँडेज बांधले का, हे आपल्या वार्ताहरांनी शोधून लिहावे अशी विनंती आहे. तो मथळा त्याच्या घरी कुणीतरी वाचला असेल. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी मागच्या महिन्यात, पहिल्यांदाच, फोन केला. त्याची दुधाची डेअरी आहे, मुलगी खो-खो खेळते. बँडेजचे मी बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, थंडीत अजून दुखतं." माफ केले असे तो म्हणाला नाही आणि मीही मागितले नाही.

येत्या रविवारी कॅरोलायना पँथर्सविरुद्ध लॅम्बोवर सामना आहे. जावयांना दोन तिकिटे मिळाली आहेत, एक मला. नातवाने आपला ९ नंबरचा शर्ट धुवायला टाकला आहे. "आजोबा, तो किती टचडाउन करेल?" असे कालपासून विचारतो आहे. मी त्याला म्हटले, आपण आधी तो वळतो कसा ते बघू.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
डी पीअर, विस्कॉन्सिन (मूळ फलटण तालुका, जि. सातारा)
२९ ऑक्टोबर २०२५