फुलचा फॉर्म भरायच्या आधी

चिऊ,

काल जेवताना तू म्हणालीस पुढच्या वर्षी फुल आयर्नमॅन करायचंय, ती पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायची शर्यत, बाबा एकदम गप्प झाले आणि मी नको ते बोलून बसले. समोरासमोर बोलायला गेलं की आपलं भांडणच होतं म्हणून लिहितेय, ऑफिसमधनं आल्यावर हातपाय धुऊन शांतपणे वाच.

एक आधीच सांगते, मी नको म्हणत नाहीये.

गोव्याला तुझ्या हाफ आयर्नमॅनच्या दिवशी मी आणि बाबा अंधार होता तेव्हापासून मिरामारच्या वाळूत उभे होतो. पाण्यात नुसते टोप्यांचे ठिपके, त्यातली तू कुठली काही कळेना, लोक एकेक करून बाहेर येतायत आणि तू नाहीसच. १.९ किलोमीटर पोहायला १ तास १० मिनिटांचा कटऑफ, त्याहून उशीर झाला की शर्यतीतून बाहेर, आणि तू आलीस १ तास ६ मिनिटांनी. चार मिनिटं गं. बाबांनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडीचा वळ संध्याकाळपर्यंत होता. पुढे ९० किलोमीटर सायकलवर तू हसत होतीस, मी पाहिलंय, आणि २१ किलोमीटर पळून सुद्धा ७ तास ५२ मिनिटांत मेडल घेऊन आलीस. पाम बीच रोडवरच्या त्या पहाटेच्या फेऱ्या, पारसिक हिलचा चढ पुन्हा पुन्हा चढणं, सगळं कामाला आलं. पाणी तेवढं राहिलं.

आता फुल म्हणजे ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० सायकल, मग वर अख्खी मॅरेथॉन, सगळं १७ तासांत. आपल्या २५ मीटरच्या पूलमध्ये ३.८ म्हणजे १५२ लॅप होतात, मी हिशोब केला. पण पूलमध्ये दर २५ मीटरला भिंत येते, पायाने ढकललं की दोनचार मीटर फुकट मिळतात, समुद्रात भिंत कुठली, आणि गोव्यासारख्या कोमट पाण्यात तरंगायला मदत करणारा वेटसूट पण नाही. तूच म्हणाली होतीस ना, लाट तोंडात गेली, घाबरून मान सारखी वर काढत राहिलीस आणि पाय खाली जायला लागले. ती भीती तशीच ठेवून अंतर दुप्पट करायचं हे मला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं, हे वर्ष समुद्राला दे. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहायची स्पर्धा असते, शाळेतली पोरं पण उतरतात आणि म्हातारी माणसं पण. पुढच्या डिसेंबरला तिथे आधी छोटं अंतर कर, मग वाटलं तर मोठं. त्याआधी मे महिन्यात पंधरा दिवस मामाकडे जाऊन राहा. मामा लहानपणी तिथेच मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर होडीत बसवायचा तेव्हा सांगायचा, पाण्याकडे बघू नको, किनाऱ्यावरचा एक माड धर आणि त्याच्या मागचं एक कौल धर, दोन्ही एका रेषेत राहिले की होडी सरळ चाललीय. पोहताना मान वर करून दिशा बघायची, त्याला तुम्ही साइटिंग म्हणता ते हेच असणार. मी स्वतः कधी पोहायला शिकले नाही, आमच्या वेळी मुलींना घोट्यापर्यंतच पाण्यात सोडायचे, समोर सिंधुदुर्ग दिसत असायचा आणि आम्ही परकर वर धरून उभ्या. तू त्या पाण्यात बिनधास्त पोहताना मला बघायचंय, हे खरं सांगते, मेडलपेक्षा जास्त.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती बाबांसमोर बोलले नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये तुझी पाळी आली नव्हती. तू म्हणालीस ट्रेनिंगमध्ये होतं असं, सगळ्यांनाच होतं. सगळ्यांना होतं म्हणून ते चांगलं होत नाही चिऊ. डॉक्टर काय म्हणाल्या आठव, मेहनत वाढली आणि खाणं तेवढंच राहिलं की शरीर आधी पाळी बंद करतं, नंतर हाडांवर येतं, आणि मग पळता पळता हाडाला बारीक तडा जातो जो महिनोन्महिने भरत नाही. तू सकाळी एक केळं खाऊन ७० किलोमीटर सायकल मारून यायचीस आणि आल्यावर अर्धी पोळी ठेवून उठायचीस, भात तर बंदच केला होतास. वजन कमी झालं की चढाला सोपं जातं म्हणे. मी तेव्हाच अडवायला हवं होतं, तुझा उत्साह बघून गप्प बसले.

तेव्हा फुलचा फॉर्म भरायच्या आधी सहा महिने पाळी वेळेवर आली पाहिजे, आणि लाँग राइडला केळ्याबरोबर मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि खजूर मी देईन ते न्यायचे. ही एवढी माझी अट आहे. ही पाळलीस आणि मालवणचं झालं तर पुढे तू कुठल्याही देशात जा, पैशाचं बाबा आणि मी बघू.

बाल्कनीत तुझी सायकल महिनाभर उभी आहे, कपडे वाळत घालताना टायर अंगठ्याने दाबून बघितला, पार बसलाय. रविवारी हवा भर. घाईने नाही, नुसतं सागर विहारपर्यंत जाऊन ये, घड्याळ घरी ठेव.

मामाला मे महिन्याचं विचारून ठेवू का ते सांग. डब्यात आज भात आहे, संपव.

आई