‘गॅस संपला’ हे फ्रिजच्या बिघाडाचे निदान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आमच्या भागातील गावोगावी एक तक्रार हमखास ऐकू येते. फ्रिज चालू आहे, आतला दिवा लागतो, मागची घरघर दिवसभर थांबत नाही, पण पाणी गार होत नाही आणि सकाळी तापवून ठेवलेले दूध संध्याकाळी नासते. तालुक्याहून आलेला मेकॅनिक फ्रिजचे दार उघडून आत हात घालतो आणि ‘गॅस संपला’ असे सांगून मोकळा होतो. माझ्या घरी हे लागोपाठ दोन उन्हाळ्यांत घडले, दोन्ही वेळा मी दोन हजारांवर रुपये मोजले, आणि दोन्ही वेळा गॅस संपलेला नव्हता अशी आता माझी खात्री झाली आहे.

मुळात फ्रिजमधील गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅसासारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. बर्फाच्या कप्प्यात आतली उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून मागच्या जाळीत ढकलतो आणि तिथे ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तो पुन्हा आत जातो. नळीला कुठे छिद्र पडले तरच तो कमी होतो, आणि छिद्र पडले असेल तर ते न शोधता, न बुजवता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे आहे.

पहिल्या वर्षी गॅस भरण्यासाठी फ्रिज माजघरातून बाहेर काढून ओसरीत ठेवला होता आणि आठवडाभर तो तिथेच राहिला. त्या आठवड्यात तो इतका उत्तम चालला की मेकॅनिकबद्दल शंका घेण्याचे कारणच उरले नाही. पुन्हा माजघरात नेल्यावर पंधरा दिवसांत त्याचे रडगाणे सुरू झाले, आणि पावसाळ्यात ते आपोआप थांबले. दुसऱ्या वर्षीही नेमका हाच क्रम घडला. शेवटी यंदा शेजारच्या गावातील, आयटीआयमध्ये याच विषयाचे शिक्षण घेतलेल्या एका मुलाला बोलावले. त्याने दाराला हातही न लावता आधी फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागच्या जाळीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. जाळी सगळीकडे चटका बसेल इतकी तापलेली होती. ‘गुरुजी, गॅस नसता तर ही जाळी तापली नसती,’ असे तो म्हणाला, आणि जाळीवरचा जाड पांढरट थर त्याने बोटाने सोलून दाखवला. तो कापसाचा होता.

कापूस पिकवणाऱ्या घरांना यात नवल वाटू नये. भाव वाढेल या आशेने आम्ही वेचणीचा कापूस उन्हाळ्यापर्यंत घरातच रचून ठेवतो, आणि माजघरातील त्या ढिगाला खेटूनच माझा फ्रिज उभा होता. कापसाची तूस आणि धूळ जाळीत अडकून तिची जणू गोधडी झाली होती, आणि एका बाजूला भिंत व दुसऱ्या बाजूला कापूस असल्याने गरम हवेला निघून जायला वाटही नव्हती. ओसरीत तो गार का करत होता आणि कापूस विकल्यावर पावसाळ्यात का सुधारत होता, याचा उलगडा तेव्हा झाला. फ्रिज बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशने जाळी साफ केली, मागे वीतभर जागा सोडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ जमलेला होता. काही नव्या फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, कारण ती बाजूच्या पत्र्यांच्या आत बसवलेली असते. अशा फ्रिजच्या बाजू तापणे हा बिघाड नसतो; मात्र त्या बाजूंना पोती किंवा कपाट टेकवून ठेवले की परिणाम तोच होतो.

जाळी थंडच राहिली, कॉम्प्रेसर मात्र तापून सतत चालत असला आणि बर्फ कप्प्याच्या एखाद्या कोपऱ्यातच धरत असला, तर गॅस गळल्याची किंवा आतली बारीक नळी तुंबल्याची शंका रास्त आहे. आमच्या गल्लीत एका घरी तसे घडलेही, पण तिथे कारण स्पष्ट होते: साचलेला बर्फ सुरीने खरवडताना कप्प्याच्या पत्र्याला भोक पडले होते. बर्फ पाव इंच जाड झाला की फ्रिज बंद करून तो आपोआप वितळू द्यावा, सुरीला हात लावू नये. दाराच्या रबराची परीक्षा तर कोणालाही करता येते. दारात कागदाचा तुकडा धरून दार लावावे. तो अलगद निसटला तर त्या जागी रबर सैल आहे असे समजावे. पुष्कळदा ते फक्त चिकट घाणीने ताठरलेले असते आणि कोमट साबणपाण्याने पुसल्यावर पुन्हा नीट बसते.

जाळी साफ झाल्यावरही संध्याकाळची अडचण शिल्लक राहिली. सातच्या सुमारास गावात कूलर, चक्की आणि मोटारी एकदम सुरू होतात, आणि २३० व्होल्ट अपेक्षित असताना माझ्या स्टॅबिलायझरचा काटा १७० च्या खाली उतरतो. एवढ्या कमी दाबात कॉम्प्रेसर सुरू होण्यासाठी धडपडतो, जास्त करंट ओढतो, तापतो आणि त्याचे संरक्षक बटण त्याला बंद पाडते. दर काही मिनिटांनी मागून ‘टक्’ असा आवाज येऊन घरघर थांबत असेल, तर गॅसच्या आधी व्होल्टेज तपासावे. भारनियमनानंतर वीज येताच फ्रिज लगेच सुरू होणेही वाईट, कारण नळ्यांतील दाब समान व्हायला तीनेक मिनिटे लागतात. म्हणून तेवढा वेळ थांबून वीज देणारा स्टॅबिलायझर घ्यावा. माझा जुना स्टॅबिलायझर तसा नव्हता, ही चूक माझीच.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. फ्रिजमागच्या पाटीवर बहुधा हवामानाच्या वर्गाचे अक्षर असते. ‘एन’ वर्गाचा फ्रिज भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ अंश सेल्सिअसपर्यंत नीट चालावा अशी अपेक्षा असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा टिनाच्या छताखालच्या खोलीत ‘टी’ वर्गाचा फ्रिजही आपल्या मर्यादेबाहेरच काम करत असतो. त्या दिवसांत दुपारी दार कमी उघडावे, गरम भाजी आत ठेवू नये आणि थोडा कमी गारवा चालवून घ्यावा. माझी पत्नी इन्सुलिन घेते आणि न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, म्हणून मी आता आत एक साधा तापमापक ठेवला आहे. कुपी बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवणेही चुकीचे, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

सगळे मेकॅनिक फसवतात असे मला म्हणायचे नाही; भर उन्हात दिवसाला पंधरा गावे फिरणाऱ्याला जाळी झाडत बसायला वेळ मिळत नसेल. पण आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर ६००ए हा पेट घेणारा गॅस असतो, लहान फ्रिजमध्ये तो बहुधा १०० ग्रॅमच्या आतच असतो आणि वजन करूनच भरावा लागतो. तो अंदाजाने भरणे किंवा बंद खोलीत नळीला झाळ लावणे धोक्याचे आहे. म्हणून ग्राहकांनी पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पावतीवर लिहून मागाव्यात: गळती कुठे सापडली, कोणता गॅस भरला आणि किती ग्रॅम भरला. माझ्याकडच्या दोन्ही पावत्यांवर फक्त ‘गॅस चार्जिंग’ एवढेच लिहिलेले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. आर्वी, जि. वर्धा