अंभोऱ्याच्या त्या ढिवर भावांचे आभार

वैनगंगा, कन्हान, आम अशा पाच नद्या जिथे भेटतात त्या अंभोऱ्याला आम्ही नागपूरहून आईला घेऊन गेलो होतो. देवदर्शन झालं. मग गर्दी सोडून पाण्याकाठच्या पळसाच्या झाडोऱ्यात शिरलो. गोसीखुर्द धरणाचं पाणी ओसरलेल्या गाळात आईचा पाय घोट्यापाशी मुरगळला आणि तिला उभंच राहता येईना. गाडी लांब, मोबाईलला रेंज नाही.

डोंग्यातून जाळं काढणारे दोघं ढिवर, म्हणजे मासेमार, तिचं ओरडणं ऐकून आले. "मावशी, पाय हलवू नोका जी," म्हणत एकाने आपला दुपट्टा ओला करून घोट्याला बांधला. दुसरा धावत जाऊन घरची बाज घेऊन आला. त्या बाजेवर आईला उचलून दोघांनी थेट गाडीपर्यंत पोहोचवलं. आम्ही खांदा द्यायला गेलो तर "तुम्ही सामान धरा."

एवढ्यात एक पोरगा आईची गाळात रुतलेली चप्पल धुऊन घेऊन आला. आम्ही तर ती विसरलोच होतो!

पैसे घेतले नाहीत. नावं विचारली तर "आधी दवाखाना गाठा" म्हणून पिटाळलं.

हाड मोडलेलं नाही, आई बरी आहे. भाऊ, तुमचे मनापासून आभार. दुपट्टा धुऊन ठेवलाय. बाजेची सुतळी एका बाजूने तुटली होती, तीही विणून द्यायची आहे. कुणी ओळखत असेल तर सांगा.